'गो ऑफ' म्हणजे चालू की बंद?

रात्रपाळी_लेस्टर:

नमस्कार मंडळी. ऑफ म्हणजे बंद, हे मी कराडला पाचवीत शिकले आणि आजवर त्यावर भागत होतं. गेल्या आठवड्यात त्याच्यापायी लेखी खुलासा द्यायची वेळ आली.

मी इथे इंग्लंडमध्ये एका वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. सव्वीस आजी-आजोबा आणि रात्रीला आम्ही दोघी. मंगळवारी रात्री एक चाळीसला खालच्या मोठ्या फ्रीझरचा अलार्म कोकलायला लागला. दुसरीला वर थांबवून मी खाली पळाले. मटारच्या पिशवीचा कोपरा दारात अडकला होता, दार बोटभर उघडं, आकडा उणे अकरा. असायला हवा उणे अठरा. पिशवी आत कोंबली, दार अंग टेकवून लावलं आणि आकडा उतरेपर्यंत तिथेच स्टुलावर बसले. दोन दहाला अलार्म गप्प झाला. वर येऊन वहीत लिहिलं, 'फ्रीझर अलार्म वेंट ऑफ ॲट टू टेन.' माझ्या मते, बंद झाला.

सकाळी मॅनेजरबाईंनी मशीनमधली नोंद काढली. मशीन म्हणतंय एक चाळीस, मी म्हणतेय दोन दहा. त्यांनी हिशोब केला की अर्धा तास अलार्म वाजत होता आणि ही बया झोपली होती! मला विचारलं, 'सो व्हेन डिड इट गो ऑफ?' मी ठामपणे पुन्हा दोन दहा. 'अँड व्हेन डिड इट स्टॉप?' तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पण तोवर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि हे एकच असतं तर सोडून दिलं असतं. त्याच आठवड्यात सोबतची मुलगी म्हणाली, 'द मिल्क्स गॉन ऑफ.' मी जाऊन फ्रिजचं बटण बघितलं. चालू होता. दूध नासलं होतं. खोली नंबर नऊच्या आजींबद्दल तिनेच सांगितलं, 'शी वेंट ऑफ अबाउट हाफ टेन.' माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे माणूस 'ऑफ झाला' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. धावत गेले तर आजी घोरतायत. (हाफ टेन म्हणजे साडेनऊ नाही, साडेदहा. तेही मला इथे येऊन तीन महिन्यांनी कळलं.) एका आजोबांच्या नव्वदाव्या वाढदिवसानंतर त्यांच्या लेकीने फोनवर विचारलं, 'डिड इट ऑल गो ऑफ ऑल राइट?' आता यातलं काय बंद पडायचं होतं?

वर कहर म्हणजे, त्याच इमारतीत 'द हीटिंग गोज ऑफ ॲट इलेव्हन' म्हणजे हीटिंग बंद होतं आणि 'द अलार्म गोज ऑफ ॲट सिक्स' म्हणजे अलार्म वाजतो. वाक्य तेच, अर्थ उलटा. यादी पाठ करायची माझी तयारी आहे, पण यात काही सूत्र आहे का? कुणी नीट सांगेल का?

चाकणचा_फोरमन:

ताई, सूत्र नंतर बघा, आधी नोकरी वाचवा. लॉगबुकात 'वेंट ऑफ' लिहूच नका. आमच्याकडे जर्मन साहेब, तमिळ इंजिनिअर, बिहारी ऑपरेटर आणि आम्ही. सगळ्यांना एकच अर्थ कळायला हवा, म्हणून वाजला की 'साउंडेड', थांबला की 'स्टॉप्ड', आपण बटण दाबून गप्प केला तर 'सायलेन्स्ड'. प्रत्येकापुढे वेळ. फायर पॅनेलवरही बघा, सायलेन्स आणि रीसेट अशी वेगळी बटणं असतात, 'ऑफ' असं मोघम काही नसतं.

अजून एक सापळा सांगून ठेवतो. 'हू सेट इट ऑफ?' म्हणजे कुणामुळे वाजला. 'हू टर्न्ड इट ऑफ?' म्हणजे कुणी बंद केला. पहिल्याला चुकून 'मी' म्हणालात तर दुसरा खुलासा.

निवृत्त_मास्तर:

एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं मीही मुलांकडून याद्याच पाठ करून घेतल्या, हे आधी कबूल करतो. पुट ऑफ, टेक ऑफ, गो ऑफ, समोर अर्थ, पाच मार्कांना. पोरं पाच मार्क घेत आणि विसरत.

आपली चूक 'ऑफ'मध्ये आहे. आपण हा शब्द विजेच्या बटणावरून शिकलो. लाइट ऑफ, पंखा ऑफ, मूड ऑफ, रविवारचा वीकली ऑफ. पण शब्द बटणापेक्षा कितीतरी जुना. हा 'ऑफ' आणि 'ओ-एफ'वाला 'ऑव्ह' मुळात एकच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'पासून दूर'. जोर देऊन उच्चारलेला तो ऑफ झाला, लोळवत उच्चारलेला ऑव्ह राहिला. म्हणजे मूळ अर्थ बंद नव्हेच. धरून ठेवलेल्या जागेपासून निघणं, हा.

आता मराठीत या. आपल्याकडे 'सुटणे' आहे ना? शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. तुमच्या हीटिंगची आणि अलार्मची भानगड अगदी हीच, आणि आपण ती जन्मापासून विनातक्रार बोलतोय. गाडी सुटली, गोळी सुटली, घाम सुटला, सिगरेट सुटली, पोट सुटलं. परक्या माणसाला हे शिकवून बघा, मग इंग्रजांची दया येईल.

वर्गात मी शेवटी शेवटी असं सांगायचो. जी वस्तू एरवी चालू असते (दिवा, हीटिंग, पंखा), ती त्या चालण्यापासून सुटली की थांबते. जी वस्तू दबा धरून बसलेली असते, म्हणजे बंदूक, सुतळी बॉम्ब, उंदराचा सापळा, ती सुटली की धडाडते. गजराचं घड्याळ दुसऱ्या जातीतलं. जुन्या किल्लीच्या घड्याळात तर हे डोळ्यांना दिसायचं. रात्री गजराची स्प्रिंग पिळून ठेवायची, सहा वाजता आतली अडकण बाजूला व्हायची आणि हातोडी घंटेवर सुटायची. तुमचा फ्रीझरचा अलार्मही रात्रभर दबा धरूनच बसला होता.

या घोळाची दखल इंग्रजांनीही फार पूर्वी घेतली आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की क्रियापदामागे असा चिमुकला शब्द लावून अर्थ फिरवण्याची आमची जी खोड आहे, तीच परक्यांना सर्वात जड जाते. उदाहरणांत त्याने कम ऑफ, ब्रेक ऑफ, सेट ऑफ, टेक ऑफ घेतलेत. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र १९२५ च्या आसपास रूढ झालं. म्हणजे दुखणं जुनं, नाव नवीन.

आणि नऊ नंबरच्या आजींच्या बाबतीत तुम्ही अगदीच चुकला नव्हता. मॅकबेथच्या शेवटी म्हातारा सिवर्ड रणांगणावर 'गो ऑफ' म्हणतो ते मरण्याच्याच अर्थाने.

एडिसनची_काकू:

मास्तर, छान. पण अमेरिकेत यातलं निम्मं चालत नाही बरं का! इथे दूध 'गोज बॅड'. मी इंग्लंडमधल्या नणंदेकडून 'गॉन ऑफ' उचलून आणलं आणि दुकानात म्हटलं तर पोरगा नुसता बघत राहिला. इथे 'शी वेंट ऑफ ऑन मी' म्हणजे तिने मला फाडून खाल्लं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवड्याला एकदा तरी कुणी ना कुणी कुणावर गोज ऑफ.

शंकेखोर:

मास्तरांचं सूत्र अलार्म-बंदुकीपर्यंत पटलं. पण दूध कसं बसवणार? दूध कुठे दबा धरून बसतं? 'दूध सुटलं' असं मराठीत म्हणून दाखवा. आणि इथले इंग्रज 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' म्हणतात, म्हणजे कॉफी आवडेनाशी झाली. ते तर सुटण्याच्या बरोबर उलटं वाटतं, कारण कॉफी तिथेच आहे, माणूस निघून गेलाय. सूत्र म्हणून ओढूनताणून काहीही बसवता येतं, असं माझं मत.

माणदेशी_सून:

शंकेखोर, दुधाला आमच्या सासूबाईंचं मराठी लावा. त्या सकाळी कालवणाच्या पातेल्याचं झाकण काढतात, नाक जवळ नेतात आणि म्हणतात, 'विटलं गं.' कालची भाजी विटते, भात विटतो, लुगड्याचा रंग विटतो. आणि रोज रोज तेच पिठलं केलं की मन विटतं. खराब होणं आणि नावडतं होणं, दोन्ही एकाच शब्दात. शहरात आता सगळं 'खराब झालं'.

माझ्या मते हा 'ऑफ' म्हणजे चवीपासून दूर जाणं. एकदा पदार्थ आपल्या चवीपासून जातो, एकदा माणूस पदार्थापासून जातो. दोघांतलं अंतर वाढलं एवढं खरं. कोण हललं ते भाषा बघत नाही. आपण 'चहावरनं मन उडालं' म्हणतो, तेव्हा तरी चहा कुठे उडतो?

निवृत्त_मास्तर:

सूनबाई, विटणे मला सुचायला हवं होतं. एकतीस वर्षं फुकट. शंकेखोरांचंही थोडं मान्य करतो. 'इट वेंट ऑफ ऑल राइट', म्हणजे समारंभ पार पडला, हे माझ्या सूत्रात नीट बसत नाही. ते पाठच करा.

शंकेखोर:

'पार पडला' यात तरी कोण पडतं, मास्तर?

रात्रपाळी_लेस्टर:

सगळ्यांचे मनापासून आभार. फोरमनदादा, तुमचे तीन शब्द कागदावर लिहून फ्रीझरच्या दाराला चिकटवलेत. सुटणे तर डोक्यात असं बसलंय की काल अलार्म ऐकल्यावर आधी 'सुटला' आलं आणि मग पाय हलले.

खुलाशाचं सांगायचं राहिलं. एक चाळीस ते दोन दहा, मिनिटवार लिहून दिलं. मटारची पिशवीसुद्धा लिहिली. मॅनेजरबाईंनी मशीनच्या नोंदीत एक पंचेचाळीसला दार लावल्याचं बघितलं आणि मग कागद बाजूला ठेवला. सॉरी वगैरे काही म्हणाल्या नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनी केला.

तेवढ्यात नऊ नंबरच्या आजी कप परत करत म्हणाल्या, 'आय हॅव गॉन ऑफ टी, लव्ह.' मी लगेच म्हटलं, विटल्या! त्यांना मराठी कळत नाही, पण शब्द आवडला. आता रोज सकाळी कप सरकवतात आणि म्हणतात, 'विटला.' लिंग चुकतंय, पण नव्वदीच्या बाईला कोण सुधारणार?

आणि हो, काल पहाटे दोनला तो फ्रीझर पुन्हा बोंबलला. या खेपेला मटार नव्हते, दाराची रबरी पट्टीच गेलीय. वहीत अगदी जपून 'साउंडेड' लिहिलं, पुढे वेळ, मग 'स्टॉप्ड', पुढे वेळ. सकाळी सोबतच्या मुलीने वाचलं आणि म्हणाली, 'ओह नो, डिड इट गो ऑफ अगेन?'

मी म्हटलं, 'येस. अँड देन इट स्टॉप्ड.'