‘संयुक्त संख्या’ की ‘भाज्य संख्या’?

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. तिच्या पुस्तकात ‘मूळ संख्या’ आणि ‘संयुक्त संख्या’ आहेत. शेजारच्या हिंदी माध्यमातल्या मुलाच्या पुस्तकात ‘अभाज्य’ आणि ‘भाज्य’. मला ‘भाज्य’ जास्त सरळ वाटतो. मराठीत चालेल का? आणि एखाद्या प्रचंड संख्येचे अवयव कुणाला सापडलेच नसतील, तर तिला संयुक्त तरी कसं म्हणायचं?

उत्तर : मराठीत ‘भाज्य’ दुसऱ्याच कामाला लागलेला आहे. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, हे आपण सगळ्यांनी घोकलंय. 17 ला 5 ने भागताना 17 हा भाज्य, पण ती मूळ संख्या आहे. एकाच वर्गात एका शब्दाचे दोन अर्थ झाले की मुलं गोंधळणारच. ‘संयुक्त’च ठेवा.

आणखी एक उत्तर : ताई, तुमचा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. 2 च्या 67व्या घातातून 1 वजा केला की 14,75,73,95,25,89,67,64,12,927 ही 21 अंकी संख्या येते. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने 1644 मध्ये ती मूळ संख्यांच्या यादीत घातली होती. 1876 मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव त्यालाही सापडले नव्हते!

हे कसं जमतं ते ‘कसोटी’ या आपल्या शब्दातच दिसतं. सोनार कसोटीच्या दगडावर सोनं घासतो आणि उमटलेल्या रेघेवरून सांगतो, यात हीण आहे. त्यासाठी दागिना वितळवावा लागत नाही. ल्युकाची कसोटी तशीच. मूळ संख्येने जो नियम पाळायलाच हवा तो ही संख्या पाळत नाही, एवढं कळलं की ती संयुक्त ठरते. अवयव पाडणं हे वेगळं काम, आणि कितीतरी अवघड.

ते काम अमेरिकेच्या कोल यांनी केलं. ऑक्टोबर 1903 मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत ते फळ्यापाशी गेले, एका बाजूला 2 चा घात काढून 1 वजा केला, दुसऱ्या बाजूला 193707721 × 761838257287 हा गुणाकार मांडला, आणि एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले, अशी हकीकत सांगतात. दोन्ही उत्तरं एकच होती.

हे अवयव वाटेल तसे नसतात, हे मला सगळ्यात सुंदर वाटतं. इथे प्रत्येक अवयवातून 1 वजा केला की उरलेल्याला 134 ने, म्हणजे 67 च्या दुपटीने, नि:शेष भाग जातो. 193707720 भागिले 134 करून बघा, बरोबर 1445580 येतात.

प्रश्नकर्ती : आम्ही दोघींनी कागदावर केलं, बाकी शून्य आली! मग मुलीने अंकांची बेरीज करून पाहिली. पहिल्या अवयवाची 37, दुसऱ्याची 64, मोठ्या संख्येची 109. तिन्हींना 9 ने भागलं की बाकी 1. गुणाकार जुळतो म्हणून ती खूश आहे.

उत्तर : शाबास तिची! फक्त ही जुळणी म्हणजे सिद्धता नव्हे, एवढं तिला सांगा. बेरीज जुळली नाही तर चूक नक्की, जुळली तर चूक नसेलच असं नाही. हीसुद्धा कसोटीच, पण एकाच बाजूने बोलणारी.

आणि वाक्य लिहिताना एक जपा. 2 चा 16777216 वा घात अधिक 1, ही 50,50,446 अंकी संख्या संयुक्त असल्याचं 1999 मध्ये सिद्ध झालं, तिचा एकही अवयव अजून हाती आलेला नाही. अशा संख्येबद्दल ‘तिला अवयव नाहीत’ असं लिहिलं तर ती मूळ ठरते. ‘तिचे अवयव सापडलेले नाहीत’ असं लिहा.