नाताळचं जेवण १२ जणांचं. दूध, तूप, अंडं काहीच नको. केक आणि कुसवारचं (नाताळच्या गोड फराळाचं) नेमकं प्रमाण हवंय

खानापूर_रोड (प्रश्न)

२५ तारखेला दुपारी १२ जण जेवायला आहेत. त्यातले चौघं दूध, तूप, अंडं, मध यातलं काहीच घेत नाहीत. दोन-दोन भांडी चढवण्यापेक्षा सगळंच जेवण तसं करायचंय. २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन), दोन शेगड्या आणि मिक्सर आहे. यादी अशी: प्लम केक, बेबिंका, दोदोल, कुलकुल, शाकुती (भाजलेल्या मसाल्याचा गोवन रस्सा), सान्नां (तांदळाच्या वाफवलेल्या, इडलीसारख्या), पुलाव.

अडचणी तीन. बिनअंड्याचा केक मधे बसतो आणि सुकामेवा तळाला जातो. शाकुतीत नारळाचं दूध फुटतं. आणि जिथं बघावं तिथं फणस वापरा म्हणतात, पण डिसेंबरात कोवळा फणस आणायचा कुठून?

वजनकाटा

आधी बेबिंका यादीतून काढा. त्याचे पापुद्रे उभे राहतात ते अंड्याच्या बलकावर. बलक नसेल तर नारळदूध-मैद्याची थरांची खांडवी होते. वाईट नसते, पण ती बेबिंका नव्हे. तो वेळ दोदोलला द्या. दोदोलमध्ये तांदळाचं पीठ, गूळ, नारळ एवढंच असतं, म्हणजे मुळातच दूध-तुपाविना.

आता केक. ८ इंची गोल टिन धरा. मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर, पिठीसाखर १२० ग्रॅम, सूर्यफूल तेल ११० मिली, सोया दूध किंवा पातळ नारळदूध २०० मिली, व्हिनेगर एक मोठा चमचा. दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ यांची मिळून दीड छोटा चमचा पूड. मनुका, काळे बेदाणे, खजूर, संत्र्याची साल मिळून २५० ग्रॅम, यापेक्षा जास्त नको. पीठ जेवढं, मेवा तेवढाच. अंडं नसलेल्या पिठाला त्याहून जास्त ओझं पेलत नाही.

रंगासाठी १०० ग्रॅम साखर कोरडीच कढईत वितळवा. गडद तांबडी झाली, धूर सुटायच्या बेतात आली की गॅस बंद करून ८० मिली गरम पाणी लांबून हळूहळू ओता. गार पाणी ओतलं तर साखर अंगावर उडते. हा पाक पूर्ण निवल्यावरच वापरायचा.

मेवा बारीक चिरून संत्र्याच्या रसात पाच मिनिटं उकळा, रात्रभर झाकून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी चाळणीवर अर्धा तास निथळा आणि मापातल्याच मैद्यातले दोन चमचे त्यावर भुरभुरा. बहुतेकांचा मेवा बुडतो तो निथळायचा कंटाळा केल्यामुळे.

केक मधे बसण्याची कारणं वेगळी. सोडा जास्त पडला की केक भराभर फुगतो आणि आतला भाग धरायच्या आत खाली येतो. व्हिनेगर घातल्यावर पीठ तसंच ठेवून ओटीजी तापवायला गेलात तर सगळी हवा निघून जाते. म्हणून ओटीजी आधी १५ मिनिटं १६० अंशांवर तापवा, मगच ओलं आणि कोरडं एकत्र करा. पीठ चमच्यावरून जडपणे पडलं पाहिजे, धार लागता कामा नये. टिन खालून दुसऱ्या खाचेत ठेवा. ४५ मिनिटांच्या आत दार उघडायचं नाही. एकूण ६० ते ७० मिनिटं लागतात. वरून लवकर तांबूस झाला तर शेवटच्या २० मिनिटांसाठी फॉइल झाका.

खोबरेल तेल मात्र केकला नको. आपल्या बेळगाव भागात डिसेंबरात सकाळी ते थिजलेलंच असतं. पातळ करून थंड दुधात ओतलं तरी परत गाठी होतात आणि केकला भोकं पडतात.

बेडगी_संकेश्वरी

शाकुतीत नारळाचं दूध घालताय कशाला? शाकुतीचा दाटपणा भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातून येतो. दूध नाही तर फुटायचा प्रश्नच नाही.

१२ जणांना दोन नारळ खवून मंद आचेवर १५-२० मिनिटं तपकिरी होईपर्यंत भाजा. दोन हप्त्यांत भाजलेलं बरं, एकदम घातलं की खालचं करपतं आणि वरचं पांढरंच राहतं. करपलेलं थोडं जरी गेलं तरी सगळा रस्सा कडू. रंगाला बेडगी १२, तिखटाला संकेश्वरी ४. धणे ४ मोठे चमचे, मिरी १ छोटा चमचा, बडीशेप १ छोटा चमचा, लवंगा ८, दालचिनीचे दोन बोटभर तुकडे, चक्रफूल २, जायपत्रीची एक पाकळी. हे सगळं वेगवेगळं भाजा. खसखस २ मोठे चमचे, ती सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून त्याच तापलेल्या कढईत. चार कांदे उभे चिरून परता आणि सगळं गंधासारखं वाटा.

कोवळा फणस यायला अजून महिना-दोन महिने आहेत. मशरूम १ किलो आणि काबुली चणे पाव किलो (रात्रभर भिजवून, मीठ घालून शिजवलेले) घ्या. मशरूम आधी मोठ्या आचेवर कोरडेच परता. पाणी सुटून आटेपर्यंत थांबा, मगच वाटण. नाहीतर ते पाणी रश्श्यात उतरतं. सुरण घालणार असाल तर आमसुलाच्या पाण्यात धुवा, म्हणजे खाज जाते, आणि साध्या पाण्यात पूर्ण शिजवून मगच रश्श्यात सोडा. चिंच शेवटी. आंबट आधी पडलं की सुरण तासभर उकळलं तरी कचकचीतच राहतं.

खानापूर_रोड

बेबिंका कट! दोदोल आणि कुलकुलचं प्रमाण सांगा. केकसाठी सोया दूध मिळतंय, पण मार्जरीन, पाव, चॉकलेट हे हिरवा ठिपका बघून आणलं तर चालेल ना?

पाकीट_उलटं_करा

नाही चालणार. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. व्हीगनसाठी, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच नसलेल्या पदार्थांसाठी, २०२२ च्या नियमांप्रमाणे वेगळं चिन्ह आहे, हिरवा ‘व्ही’ आणि त्यावर पान. ते नसेल तर घटकांची यादी वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर ऑइल. मार्जरीनमध्ये बऱ्याचदा मिल्क सॉलिड्स असतात. पाव बेकरीतून घेताना दूध पावडर आहे का आणि वरून काय फासलंय, हे दोन्ही विचारा. आणि कुणी पाहुणा कुंदा नाहीतर गोकाकचं करदंट घेऊन आलाच, तर ते वेगळ्या ताटात. कुंदा दुधाचाच, करदंटात तूप.

वजनकाटा

दोदोल: तांदळाचं पीठ २५० ग्रॅम, माडाचा काळा गूळ ५०० ग्रॅम, तीन नारळांचं दूध, काजूतुकडा मूठभर, मीठ पाव चमचा. पहिलं जाड दूध बाजूला ठेवा. पीठ गार पातळ दुधात कालवा, गरमात घातलं की गुठळ्या होतात. गूळ वितळवून गाळून घ्या, त्यात कचरा असतोच. जाड बुडाच्या कढईत पातळ दूध, पीठ, गूळ घालून ढवळत राहा, घट्ट व्हायला लागलं की जाड दूध थोडं-थोडं. दीड ते दोन तास जातात, हात बदलायला माणूस ठेवा. गोळा कढई सोडून फिरायला लागला आणि कडेनं तेल सुटलं की झालं. त्याआधी उतरवलात तर सुरीला चिकटतो आणि दोन दिवसांत आंबतो. माडाचा गूळ चोर्ला घाटानं गोव्याहून येणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. आपला उसाचा गूळ चालतो, फक्त रंग फिका येतो आणि तो धुरकट वास नसतो.

कुलकुल: मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा ५०, पिठीसाखर १००, मीठ, कडकडीत तेलाचं मोहन ३ मोठे चमचे, जाड नारळदूध लागेल तसं, साधारण १७५ मिली. सोडा अजिबात नको, तळताना वळ्या उलगडतात. अर्धा तास झाकून ठेवा, जेवणाच्या काट्यावर (फोर्कवर) वळा, मंद आचेवर तळा. साखर असल्यामुळे मोठ्या आचेवर बाहेरून लाल आणि आत कच्चं राहतं.

बेडगी_संकेश्वरी

सान्नांचं राहिलं. ताडी नसेल तर अर्धा किलो तांदळाच्या वाटणाला अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट आणि दोन चमचे साखर. उन्हाळ्यात दीड तासात फुगतं, डिसेंबरात तीन-चार तास धरा. भांडं कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून झाका. वाट्या निम्म्याच भरा.

दोन शेगड्यांचा हिशेब करा. दोदोल २२ ला, कुलकुल २३ ला, केक आणि शाकुतीचं वाटण २४ ला. २५ ला सकाळी फक्त मशरूम, पुलाव आणि सान्नां. नारळ मात्र त्या-त्या दिवशीच फोडा, काढून ठेवलेलं दूध थंडीतसुद्धा आंबतं.