लॉर्ड मेयोच्या आयर्लंडमधल्या कारकिर्दीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भारताचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो, म्हणजे रिचर्ड बर्क, याच्याबद्दल वाचतोय. आपल्याकडे आठवते ती ८ फेब्रुवारी १८७२ ची संध्याकाळ: अंदमानात माउंट हॅरिएटवरून सूर्यास्त पाहून उतरला, धक्क्यावर बोटीत चढणार इतक्यात शेर अली आफ्रिदी या कैद्याने सुरा खुपसला. पण डब्लिनमध्ये जन्मलेला हा सरदार घराण्यातला माणूस त्याआधी तीनदा आयर्लंडचा चीफ सेक्रेटरी (तिथला कारभार पाहणारा ब्रिटिश मंत्री) होता. बटाट्याचा दुष्काळ, १८६७ चं फेनियन बंड (ब्रिटिश सत्तेविरुद्ध आयरिश क्रांतिकारकांचा उठाव), सगळं त्याने जवळून पाहिलं. १८७० मध्ये त्याने भारतातल्या प्रांतांना खर्चाचे अधिकार दिले, त्यामागे हा अनुभव होता का? मला हेच शोधायचंय. त्याची पत्रं, संसदेतली भाषणं मुंबई-पुण्याच्या कुठल्या ग्रंथालयात मिळतील? मराठीत कुणी लिहिलं असेल तर तेही कृपया सांगा.