लिक्विड क्रिस्टल, १० गिगाहर्ट्झ: चुंबक फिरवला तरी आकडा जागचा हलत नाही

मांडवीकर:
बडोद्यात एम.ई. करतेय. अँटेनाच्या फेज शिफ्टरसाठी (लहरीची फेज मागेपुढे करणारा भाग) नेमॅटिक, म्हणजे लांबट रेणू एका दिशेत लागलेल्या, लिक्विड क्रिस्टलची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो तो आकडा) मोजायची आहे. पितळेची गोल कॅव्हिटी (आत मायक्रोवेव्ह घुमवणारा बंद डबा) लेथवर करून घेतली, टीएम०१० मोड (विद्युतक्षेत्र अक्षाला धरून), आतली त्रिज्या ११.५ मिमी. अक्षावर टेफ्लॉनची नळी, आतला व्यास १ मिमी, त्यात ५सीबी नावाचं लिक्विड क्रिस्टल. बाहेर निओडिमियमचे दोन चुंबक, नळीपाशी ०.३ टेस्ला.

दोन गोष्टी डोक्यात शिरत नाहीयेत. तक्त्यात ५सीबीचे आकडे रेणूंच्या दिशेत साधारण १८ आणि आडव्या दिशेत ७ असे आहेत. मला मिळतात २.८. आणि चुंबक बाजूंना लावा नाहीतर दोन्ही झाकणांवर, तेच २.८! व्हीएनएचं (मोजणाऱ्या उपकरणाचं) कॅलिब्रेशन ठीक आहे, तपासलंय.

लष्करवाला:
चुंबक कमी पडतोय. आम्ही ग्वाल्हेरला होतो तेव्हा सर अर्ध्या टेस्लाच्या खाली मोजूच द्यायचे नाहीत. इलेक्ट्रोमॅग्नेट मिळतो का बघ.

जुना_बडोदेकर:
लष्करवाले, पोरीला उगाच खर्चात पाडू नका. १ मिमीच्या नळीतलं ५सीबी दहा-एक मिलिटेस्लापासूनच वळायला लागतं, ०.३ टेस्ला म्हणजे रग्गड. शंभर मायक्रॉनची फट असती तर तुमचं म्हणणं थोडं तरी ऐकलं असतं.

ताई, आधी १८ चं बघू. तो आकडा एक किलोहर्ट्झचा. तिथे विद्युतक्षेत्र उलटलं की आख्खा रेणू, त्याच्या टोकाच्या सायनो गटासकट, मागोमाग वळू शकतो. लांबट रेणूचं हे कोलांटी मारणं काही मेगाहर्ट्झपर्यंतच जमतं. १० गिगाहर्ट्झला तो जागचा हलत नाही, उरतं ते मुख्यतः इलेक्ट्रॉनांचं सरकणं. म्हणून या पट्ट्यात ५सीबी साधारण ३.१ आणि २.७ दाखवतं. डिस्प्लेवाल्यांचे तक्ते इथे उपयोगाचे नाहीत.

आता खरी गोम. लॅबमध्ये एसी चालू असतो का? बडोद्याचा मे आहे, दुपारी बाहेर ४२. ५सीबी नेमॅटिक राहतं साधारण २३ ते ३५ अंशांत. त्याच्या वर गेलं की साधा द्रव, मग चुंबक कुठूनही लाव, रेणू दाद देणार नाहीत. सरासरी काढून बघ, रेणूची लांब दिशा एक, आडव्या दोन: ३.१ अधिक दोनदा २.७, भागिले ३. येतात २.८३. तुझी कॅव्हिटी इमानदारीने मोजतेय, माल वितळलाय.

खात्री करायची तर ५सीबीची काचेची कुपी कॅव्हिटीला टेकवून ठेव, चुंबकापासून लांबच्या बाजूला. नळीत बघू नकोस, टेफ्लॉन स्वतःच पांढुरकं असतं. नेमॅटिक असेल तर कुपीतला द्रव पातळ ताकासारखा गढूळ दिसेल. पस्तिशीच्या आसपास तो बघता बघता नितळ होतो, एका अंशाचासुद्धा खेळ नसतो. आमच्या वेळी थर्मामीटरपेक्षा त्या गढूळपणावरच जास्त भरवसा असायचा, आणि मी अजूनही तसाच आहे.

मांडवीकर:
काका, कुपी पाण्यासारखी स्वच्छ! एसी बंदच आहे, थर्मोकपल पितळेवर लावलं तर ३९. कॅव्हिटीभोवती तांब्याची नळी गुंडाळून बर्फाचं पाणी फिरवलं, २७ वर आणलं. कुपी गढूळ झाली. आता चुंबक बाजूंना असताना २.७, झाकणांवर ३.०५. पण बाजूंना लावले की क्यू (कॅव्हिटीच्या घुमण्याचा तीक्ष्णपणा) जास्त घसरतो. हे बरोबर का?

जुना_बडोदेकर:
बरोबर. बाजूंना लावले की रेणू आडवे, कॅव्हिटीतलं क्षेत्र मात्र अक्षाला धरून. रेणू स्वतःच्या लांब अक्षाभोवती गरकन फिरतो तो वेग बराच जास्त असतो, त्यामुळे त्या फिरण्यातल्या शोषणाची शेपटी गिगाहर्ट्झपर्यंत पोचते. म्हणून आडव्या दिशेत लॉस जास्त, क्यू कमी. मायक्रोवेव्हसाठी वेगळी मिश्रणं बनवतात ती याचसाठी, ५सीबीचा फेज शिफ्टर सिग्नल खाईल. शिकायला मात्र स्वस्त आणि मस्त.

रिकाम्या नळीचं मापन, ज्याच्याशी तुलना करून आकडा काढतेस ते, ३९ वर केलं असशील तर पुन्हा २७ लाच कर. पितळ प्रसरण पावतं, १० गिगाहर्ट्झला कॅव्हिटीची फ्रिक्वेन्सी एका अंशामागे जवळपास १९० किलोहर्ट्झ सरकते. तुझ्या दोन दिशांतला फरक फक्त १२-१३ मेगाहर्ट्झचा, त्यात बारा अंशांची चूक म्हणजे दोनेक मेगाहर्ट्झ गेलेच. ते ३.०५ त्यानंतर किती होतात ते लिही.

आणि पावसाळा लागायच्या आत उरक. बडोद्याच्या जुलैत गार पितळेवर दव धरतं, कॅव्हिटीत पाण्याचा थेंब शिरला तर क्यू शोधत बसशील.

लष्करवाला:
काका, नमस्कार. इलेक्ट्रोमॅग्नेट मागे घेतो. 🙏