चांगले खेळाडू सगळ्याच क्लबांचे जातात, मग काही क्लब तरतात आणि काही बुडतात, असं का?

डावाविंगर
परवा भावाशी जोरदार वाद झाला. त्याचं म्हणणं, फुटबॉलमध्ये शेवटी पैसाच खेळतो. मला ते पटत नाही. 2017 मध्ये नेमार गेला तेव्हा बार्सिलोनाच्या हातात 22 कोटी 20 लाख युरो आले. त्यांनी डेम्बेले घेतला, मग लिव्हरपूलकडून कुटिन्यो घेतला. त्याच वर्षभरात लिव्हरपूलने व्हॅन डाइक आणि आलिसन आणले. मे 2019 मध्ये हे दोन क्लब लिव्हरपूलच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर भिडले. डेम्बेले जखमी होऊन बाहेर, कुटिन्योला तासाभराने मैदानाबाहेर बोलावलं, आणि लिव्हरपूल 4-0 ने जिंकलं. पैसा दोघांकडेही होता ना? मग फरक पडला कुठे?

ऑफसाइड
भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीये. दहा हंगामांचा हिशेब मांडलास तर पगारावरचा खर्च आणि गुणतक्त्यातली जागा बरीचशी जुळते. लेस्टरसारख्या छोट्या क्लबाने 2016 मध्ये इंग्लंडची लीग जिंकली, तशी रोज कोणी जिंकत नाही. पण सारखाच पगार देणाऱ्या दोन क्लबांपैकी एक वर का जातो, ते मात्र यातून कळत नाही.

निळापांढरा
मी जर्मनीतल्या शाल्के क्लबाचा चाहता. 2010 मध्ये राउल तिथे गेला म्हणून बघायला लागलो. दोन वर्षांनी तो गेला, मी राहिलो. त्याच्याच काळात, 2011 मध्ये, आम्ही इंटरला त्यांच्या मैदानावर 5-2 ने हरवून चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली होती. दहा वर्षांनी तोच क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. त्यामुळे या प्रश्नावर मी फार विचार केलाय, आणि माझं बोट एकाच गोष्टीवर जातं: खेळाडूचा करार कधी संपतो, ती तारीख क्लबात कोण बघतं?

करार संपला की नवा क्लब जुन्या क्लबाला एक पैसाही न देता खेळाडू नेऊ शकतो. म्हणजे दीड-दोन वर्षं आधीच ठरवावं लागतं, वाढवायचा की विकायचा. आता आमची यादी बघा. मातिप 2016 मध्ये लिव्हरपूलला, कोलाशिनाट्स 2017 मध्ये आर्सेनलला, गोरेत्स्का 2018 मध्ये जर्मनीतल्याच बलाढ्य बायर्नला, त्याच उन्हाळ्यात मायर क्रिस्टल पॅलेसला, न्यूबेल 2020 मध्ये पुन्हा बायर्नला. पाचही फुकट! यातले तिघे आमच्याच अकादमीत वाढलेले. पोरं घडवण्यात आमचा क्लब कधीच कमी पडला नाही. नॉयर, ओझिल, साने तिथलेच. पण घडवलेल्याचं मोल पदरात पडलं नाही, तर त्याच्या जागी दुसरा आणायचा कशाने?

2017-18 मध्ये आम्ही लीगमध्ये दुसरे आलो, तेव्हा मीसुद्धा हुरळून गेलो होतो. गोरेत्स्का जाणार हे जानेवारीतच जाहीर झालं होतं, तरी. पुढच्याच हंगामात चौदावे. मग जानेवारी 2020 ते जानेवारी 2021 लीगमध्ये सलग 30 सामने एकही विजय नाही. 2020-21 च्या एका हंगामात पाच प्रशिक्षक झाले. त्यातलं सगळ्यात जिव्हारी काय लागलं सांगू? ज्या कोलाशिनाट्सला फुकट जाऊ दिलं होतं, त्यालाच आर्सेनलकडून उसना आणला आणि दंडावर कर्णधाराची पट्टी बांधली. एप्रिलमध्ये बीलेफेल्डकडून 1-0 ने हरलो आणि खाली जाणं पक्कं झालं, त्या रात्री माझी नजर सारखी त्या पट्टीकडे जात होती.

आणि आमचं शेजारी, कट्टर वैरी डॉर्टमुंड. डेम्बेलेला 2016 मध्ये रेनकडून घेतला आणि वर्षभरात दहा कोटी युरोंच्या वर विकला. पुढे बेलिंगहॅमलाही तरुण असताना घेतला आणि तीन वर्षांनी तसाच महाग विकला. वैऱ्याचं कौतुक करताना जीभ अडखळते, पण त्यांना हे काम येतं.

ऑफसाइड
पण लेवांडोव्स्की? तो 2014 मध्ये डॉर्टमुंड सोडून बायर्नला गेला, तोही फुकटच.

निळापांढरा
बरोबर. आणि 2015 च्या फेब्रुवारीत तेच डॉर्टमुंड गुणतक्त्यात तळाला होतं, शेवटी कसेबसे सातवे आले. पण 2013 मध्ये त्यांनी तो जाणूनबुजून ठेवला होता, एक हंगाम त्याच्याकडून खेळवून घ्यायचा म्हणून. परवडेल तेव्हा एकदा असं करता येतं. दरवर्षी एक असा गेला तर घर रिकामं होतं.

डावाविंगर
म्हणजे पैसा किती आला यापेक्षा तो कधी आला, हे महत्त्वाचं? नेमार गेला तोच ऑगस्टमध्ये. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत (ट्रान्सफर विंडो) संपायला जेमतेम चार आठवडे, आणि बार्सिलोनाच्या खिशात किती आहेत हे सगळ्या जगाला माहीत. भाव चढणारच.

निळापांढरा
अगदी तेच. म्हणून दर जुलैला संघाची यादी आली की मी आधी नवे खेळाडू बघत नाही. कोणाचा करार पुढच्या जूनमध्ये संपतोय, तो रकाना आधी बघतो.