‘अ डेकेड ऑफ हिट्स’: ऑलमन ब्रदर्स तुम्हांला कसे भेटले?

अमेरिकेच्या दक्षिणेत घडलेल्या रॉक संगीताचा विषय निघाला की ऑलमन ब्रदर्स बँडचे नाव पहिल्या दोन-तीन नावांत येते. १९६९ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे जुळलेला आणि लवकरच जॉर्जियातील मेकन या गावी बिऱ्हाड हलवलेला हा बँड माझ्यापर्यंत मात्र फार उशिरा आणि फार आडवाटेने पोहोचला. १९९१ मध्ये निघालेल्या ‘अ डेकेड ऑफ हिट्स’ या १६ गाण्यांच्या संग्रहाची सीडी माझ्या आतेभावाने अमेरिकेतून परतताना आणली आणि स्वतःला आवडली नाही म्हणून मला देऊन टाकली. ती मी वर्षभर ऐकली, आणि पुढे मूळ ध्वनिमुद्रिका एकेक करून मिळवल्यावर लक्षात आले की जो बँड मी ओळखत होतो तो अर्धाच होता. लोकप्रिय गाण्यांच्या एका संग्रहातून ज्यांची या बँडशी ओळख झाली त्यांनी ती ओळख नेमकी कशी झाली आणि पुढे कुठवर गेली, हे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

अटलांटा, संगणक अभियंता

कामानिमित्त मी १९९९ मध्ये अटलांटाला आलो तेव्हा हाच संग्रह माझ्या जुन्या मोटारीत सतत वाजत असे. त्यातले ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ हे शब्दविरहित वादन मला सर्वांत प्रिय होते, आणि ही एलिझाबेथ कोणी तरुणपणी गेलेली प्रेयसी असावी अशी माझी ठाम समजूत होती. एका रविवारी दीड तासाचा प्रवास करून आम्ही उभयता मेकनला गेलो. ओकमल्गी नदीच्या काठावर उतरत गेलेल्या रोझ हिल दफनभूमीत बँडची मंडळी वेळ घालवायला येत असत, आणि रचनाकार आणि बँडचे गिटारवादक डिकी बेट्स यांना जिचे नाव उघड करायचे नव्हते त्या स्त्रीसाठी त्यांनी तिथल्याच एका थडग्यावरचे नाव उसने घेतले, हे मला तिथे गेल्यावर कळले. प्रत्यक्षातली एलिझाबेथ रीड नेपियर १९३५ मध्ये, म्हणजे बेट्स यांचा जन्मही झालेला नसताना, वृद्धापकाळी वारलेली होती. त्याच दफनभूमीत बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन आणि बास गिटारवादक बेरी ओकली शेजारी शेजारी विसावले आहेत. ड्वेन २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा होता, आणि जेमतेम वर्षभराने बेरीही मोटारसायकलवरच, त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर अपघातात सापडून गेला, तोही २४ व्या वर्षीच. थडग्यांवरच्या तारखा वाचून आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही.

दुपारी आम्ही ‘एच अँड एच’ या खाणावळीत जेवलो. बँडपाशी पैसे नव्हते त्या दिवसांत ही मुले दोन ताटे मागवून ती सगळ्यांत वाटून खात, आणि ते पाहून खाणावळीच्या मालकीण ‘ममा’ लुईस हडसन यांनी प्रत्येकाला स्वतंत्र ताट वाढले, अशी तिथली प्रसिद्ध कथा आहे. बँडमध्ये गोरे आणि काळे वादक एकत्र होते. १९६९ च्या जॉर्जियात एका कृष्णवर्णीय बाईंनी या मिश्र पंक्तीला जेवू घालणे ही साधी गोष्ट नव्हती.

पुणे, तबल्याची विद्यार्थिनी

माझ्या मोठ्या भावाच्या संग्रहातून मी हा बँड ऐकला आणि ‘व्हिपिंग पोस्ट’च्या सुरुवातीलाच अडखळले, कारण माझ्या हातावरचा ठेका प्रत्येक आवर्तनाला चुकत होता. चारच्या हिशोबात ते बसेना, तेव्हा कागदावर मात्रा मांडल्या आणि तीन, तीन, तीन, दोन अशा ११ निघाल्या. आमच्याकडे रुद्रतालाच्या ११ मात्रा आहेत, विभागणी वेगळी असली तरी, त्यामुळे मला झालेला आनंद वर्गातल्या इतर कोणालाही समजला नाही. गंमत अशी की गीतकार आणि बँडचा गायक ग्रेग ऑलमनला आपण ११ मात्रांत लिहिले आहे याची कल्पनाच नव्हती; ते त्याच्या थोरल्या भावाने, ड्वेनने, त्याला सांगितले.

संग्रहात या गाण्याची साधारण पाच मिनिटांची, स्टुडिओत मुद्रित झालेली आवृत्ती आहे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात मुद्रित झालेले तेच गाणे सुमारे २३ मिनिटांचे असून मूळ तबकडीची एक संपूर्ण बाजू त्याने व्यापली आहे. दोन ड्रमवादक, बुच ट्रक्स आणि जेमो, एकमेकांच्या बोलांमध्ये जागा ठेवत कसे वाजवतात हे तिथे कळते. त्यानंतर पाच मिनिटांची आवृत्ती मला नुसत्या मुखड्यासारखी वाटू लागली. तरी प्रथमच थेट २३ मिनिटांचे वादन कानावर पडले असते, तर मी ते नक्कीच मध्येच बंद केले असते.

मडगाव

माझी कथा दोन ओळींची आहे. मोटारींच्या एका ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे शीर्षकसंगीत मी अनेक वर्षे गुणगुणत होतो, आणि संग्रहातले सहावे गाणे, ‘जेसिका’, सुरू झाल्यावर उडालोच. बेट्स यांनी ते आपल्या तान्ह्या मुलीला समोर पाहून रचले, हे नंतर समजले.

कोल्हापूर, औषधविक्रेता

या संग्रहाविषयी माझी तक्रार आहे, ती नोंदवतो. ड्वेन ऑलमनचे नाव मी ऐकून होतो. सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली अनामिकेवर चढवून तो गिटारच्या तारांवर सरकवत असे आणि त्यातून आपल्या मींडेसारखा सलग ओघळणारा सूर काढत असे. १९६८ मधल्या वाढदिवशी आजारी असताना धाकट्या भावाने दिलेल्या गोळ्यांची ती बाटली होती. माझ्या व्यवसायामुळे मला या बाटलीचे विशेष कौतुक. पण संग्रहात गाणी कालक्रमाने लावलेली नाहीत. ‘स्टेट्सबरो ब्लूज’मध्ये तो खरोखरच आहे, पण त्यानंतर लगेच येणारे ‘रॅम्ब्लिन मॅन’ तो गेल्यानंतरचे आहे, आणि ‘एन्ट वेस्टिन टाइम नो मोअर’मधली बाटलीची करामत बेट्स यांची आहे. दीड वर्ष मी मित्रांना चुकीच्या माणसाची थोरवी ऐकवत होतो. ‘ब्लू स्काय’मध्ये मात्र दोघेही आहेत, एकापाठोपाठ एक, आणि ते ड्वेनच्या अखेरच्या मुद्रणांपैकी आहे. आता तेवढेच गाणे मी कालक्रमाची चिंता न करता ऐकतो.

न्यू जर्सी, शिक्षिका

कोल्हापूरच्या गृहस्थांशी मी सहमत आहे, पण माझ्या यजमानांनी लग्नानंतर मला दिलेली पहिली भेट हीच सीडी असल्याने तिच्यावर रागावणे मला जमत नाही. दर मार्च महिन्यात हा बँड न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये ओळीने कार्यक्रम करीत असे. २००९ साली, चाळिसाव्या वर्षानिमित्त, आम्ही गेलो. प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टन ज्या दोन रात्री पाहुणा म्हणून आला त्या दोन्ही आमच्या हुकल्या. आमच्या रात्री ड्वेनच्या जागी डेरेक ट्रक्स वाजवत होता. हा ड्रमवादक बुच यांचा पुतण्या, ड्वेनच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी जन्मलेला. त्याच्याही बोटावर काचेचीच नळी होती. शेजारच्या खुर्चीवरचे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. मध्यंतरात त्यांनी विचारले, तुम्ही यांना कधीपासून ऐकता? मी संग्रहाचे नाव सांगितले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले की १९७१ मध्ये त्यांना फिलमोरचे तिकीट मिळाले नव्हते, त्यामुळे त्यांनीही सुरुवात तबकडीवरूनच केली.