तीन भारतरत्नांचा तालुका, आणि वाळूत रुतलेली जीप

पाखाडीवरचा
परवा आपल्याच एका गाववाल्याने पोस्ट टाकली. आपल्या दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर चार पोरांनी जीप घातली, ओल्या वाळूत रुतली, भरती चढायला लागली, मग ट्रॅक्टर आणून ओढली. व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यावर यांचं म्हणणं: "तीन भारतरत्नं देणाऱ्या तालुक्याची पोरं अशी? वागताना लक्षात ठेवा, आपण टिळक, बाबासाहेब, अण्णासाहेब कर्वे, साने गुरुजींच्या मातीचे प्रतिनिधी आहोत." खाली नमस्कारांची रांग.

जीपवाल्यांची बाजू मी घेत नाही. कान उपटा, दंड करा. पण 'मातीचे प्रतिनिधी' वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

कर्व्यांनी १८८६ साली मुरुड फंड काढला, गावासाठी. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं आणि बायकोला घेऊन गावी आले, तर त्याच गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. १९५८ ला भारतरत्न मिळालं आणि मग ते आपले झाले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या लोकांना त्याच दिवशी मारणारे काय विलायतेहून आले होते? १९३७ साली बाबासाहेबांनी खोती, म्हणजे सारावसुलीची वतनदारी, मोडायचं बिल आणलं, ते खोत कुठले?

आता माझं. मी नववीत होतो. जमिनीच्या एका भांडणात बाबांनी गावकीच्या विरुद्ध साक्ष दिली आणि आमचं घर वाळीत पडलं. शिमग्याला आईने नेहमीसारखं अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचं ताट मांडलं. नारळ, तांदूळ, खण. ढोल पाखाडीच्या वळणापर्यंत आला. तिथे घरोघर फिरणारी ग्रामदेवतेची पालखी थांबली, जरा नाचवली, आणि मागे फिरली. ताट संध्याकाळपर्यंत तसंच होतं. दुसऱ्या दिवशी आईने तो नारळ फोडून चटणी वाटली.

त्या गावाच्या वेशीवर आज कमान आहे, कमानीवर थोरांची नावं. वाळीत टाकणं गुन्हा ठरवणारा कायदा २०१६ चा, लागू झाला २०१७ ला. आमच्या वेळी तोही नव्हता. कमानीखालून जाताना मी नक्की कुणाचा प्रतिनिधी? कर्व्यांचा, की त्यांना बाहेर काढणाऱ्यांचा? मातीत दोघेही आहेत.

निवृत्त मास्तर
ती पोस्ट माझीच. तुमच्या घरी झालं ते वाईटच झालं. पण तुम्ही सांगता ते ऐकून पोराने करायचं काय? मी वर्गात सांगायचो, कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले, घाट चढून, आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. एसटी चुकली की घरी बसणारा एक मुलगा ते ऐकल्यावर चालत यायला लागला. साडेतीन किलोमीटर, तेही पावसात. एवढ्यासाठी लागतात ही नावं. आणि महाडचं सांगता तर पूर्ण सांगा. नगरपालिकेने तळं आधीच खुलं केलं होतं, टिपणीसांसारखे महाडकर बाबासाहेबांच्या बाजूने उभे होते. तेही ह्याच मातीतले.

खेडकर
मास्तर, आधी हिशेब. कर्व्यांचा जन्म शेरवलीचा, म्हणजे आमच्या खेड तालुक्यातला. तुमचे तिसरे भारतरत्न, धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे, चिपळूणजवळच्या परशुरामचे. बाबासाहेब महूला जन्मले, आणि मूळ गाव आंबडवे येतं मंडणगडात. तिन्ही भारतरत्नं वजा झाली. दापोलीचं उरलं काय, थंड हवा?

निवृत्त मास्तर
आजोळचा जन्म धरत नाहीत. काणे शिकले दापोलीत. बाबासाहेबांचे वडील पलटणीतून निवृत्त झाल्यावर दापोलीतच राहिले होते.

खेडकर
बरं, जन्म नको, शाळा धरू. मग टिळक पुण्याला देऊन टाका.

हर्णै बंदर
दोघांचं झालं असेल तर एक विचारते. यादीत बाई का नाही? रमाई वणंदच्या, अस्सल दापोली तालुक्यातल्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. भारतरत्न नाही म्हणून नाव नाही? की टोपलीला वास येतो म्हणून? मी लिलावात बोली लावताना जरा आवाज चढवला की पर्यटक मोबाईल काढतात, 'बघ कोळीण कशी भांडते'. मी कुणाचीच प्रतिनिधी म्हणून ओरडत नाही हो, सुरमईचा भाव पाडतात म्हणून ओरडते.

निवृत्त मास्तर
रमाईंचं राहिलं. चूक माझी.

बाणकोट खाडी
तुम्हाला प्रतिनिधी व्हावंसं वाटतं, मजा आहे. आम्हाला न विचारता करतात. मुंबईत खोली बघत होतो. फोनवर आडनाव सांगितलं, आमच्याकडे आडनावं तुमच्यासारखीच, सगळं ठरलं. प्रत्यक्ष गेल्यावर पहिलं नाव सांगितलं, तर खोली 'कालच गेली'. जीपमधल्या चौघांमुळे तुम्ही एक दिवस लाजलात. आमच्यातल्या कुणी कुठे काही केलं की चहाच्या टपरीवर जबाब मी द्यायचा.

आणि यादीत मिरजोळीचे हमीद दलवाई पण नाहीत. १९६६ साली सात बायकांचा मोर्चा नेला होता, तोंडी तलाकच्या विरोधात. नाहीत तेच बरं म्हणा. तुम्ही फोटो लावायचात आणि मोहल्ल्यात विचारणार मला.

ठाणेकर चाकरमानी
नावं, कमानी सोडा. कोकणाची अब्रू जाते ती आंब्याच्या पेटीत. गेल्या वर्षी महामार्गावर पेटी घेतली, झाकणावर ठळक 'देवगड हापूस'. वरचा थर एक नंबर. खाली पेंढ्यात हात घातला तर साल जाड, वास नाही, कापल्यावर फिकट. कर्नाटकचा माल. विकणारा कोण? आपलाच, 'दादा, घरच्या बागेतला' म्हणत होता. तो टिळकांच्या मातीतला नाही का?

देवगडचो
मेल्या, बाग कधी बघितलंस काय? मोहर इलो की तुडतुडो, फवारणी सगळी उधारीर. राखणेक नेपाळी गडी ठेवूचे लागतत, कारण आमचे झील ठाण्याक बसान आंबो वळकूक शिकवतत.

ठाणेकर चाकरमानी
मुद्द्याला उत्तर नाही म्हणून शिव्या. गणपतीला आम्ही आलो नाही तर तुमच्या गावात आरतीला चार माणसं जमणार नाहीत.

देवगडचो
आणि जमतात ती दुसऱ्या दिवशी 'नेटवर्क नाही' म्हणत माडाखाली फिरतात. मालवणीत शिवी गोड लागते म्हणून मुद्दाम प्रमाण मराठीत लिहितो: महामार्गावरचा टेबलवाला बागायतदार नसतो. आमचं नाव चोरतो तो. २०१८ ला 'हापूस' नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण टेबलावर जाऊन कोण बघतो?

खेडकर
मानांकन पाच जिल्ह्यांचं आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. एकट्या देवगडचं नाही. आमच्या रत्नागिरीच्या आंब्यावर 'देवगड' छापून विकतात, ते चालतं?

देवगडचो
म्हणजे तुमच्या आंब्याला आमचं नाव लागतं. यातच काय ते समजा.

खेडकर
समजलं. हापूसला पण आजोळ लागतं वाटतं.

पाखाडीवरचा
मी वाळीत टाकण्याबद्दल लिहिलं होतं. असो. पण देवगडवाले, तुम्ही नाव चोरणारे दुसरे आणि आम्ही स्वच्छ, असं सांगताय. मास्तर हेच सांगतात, फक्त पुतळ्याबद्दल. तुमच्या भागातल्या एकाही बागायतदाराने पेटीत कधी मिसळला नाही? छातीवर हात ठेवून सांगा.

निवृत्त मास्तर
पुतळा मध्ये कशाला? मी पोरांबद्दल बोलत होतो. तुम्हाला एक शिमगा लागला म्हणून साऱ्या गावाने मान खाली घालून फिरायचं का?

पाखाडीवरचा
एक शिमगा? अकरा वर्षं, मास्तर. दुकानदार सामान द्यायचा, पण दार लोटून मागच्या बाजूने. तुमच्यासारख्याच एका शिक्षकाने मला गॅदरिंगच्या नाटकातून काढलं, 'वाद नको' म्हणून. नाटकात मला काम कर्व्यांचंच होतं.

देवगडचो
छातीवर हात ठेवायला सांगितलंत म्हणून लिहितो, ठाणेकराने लगेच नाचू नये. आमच्याच घरात एका हंगामात झालंय. मोहर जळला होता. दलालाची उचल घेतलेली, चाळीस पेट्या कबूल केलेल्या, बाग तेविसाच्या वर जाईना. उरलेला माल टेम्पोने वाशीहून आणला. हो, उलटा, वाशीहून देवगडला. आमच्या पेटीवर आजोबांचं नाव छापलेलं असतं. त्या रात्री फळ्या ठोकायला मीच होतो. नेमकी खिळ्याची जागा नावावर येत होती. मी खिळे जरा बाजूला ठोकले, दोन फळ्या तडकल्या. काका ओरडले, फळी फुकट येते काय.

ठाणेकर चाकरमानी
नाचत नाही. पण त्या सतरापैकी एक माझ्याकडे आली असणार, असं आता वाटत राहणार.

बाणकोट खाडी
वा. एका देवगडकराने मिसळलं म्हणून सगळे देवगडकर तसलेच. बसा आमच्या बाकावर, जागा आहे.

निवृत्त मास्तर
पाखाडीवरचे, ते नाटकाचं मला माहीत नव्हतं. पोस्ट मी काढणार नाही. त्या चार पोरांना मी ओळखतो, दोघे माझे विद्यार्थी, त्यांना लाज वाटायलाच हवी. पण 'प्रतिनिधी' शब्द खोडतो. दुसरा सुचला की लिहितो.

पाखाडीवरचा
लिहा. घाई नाही. देवगडवाले, मे महिन्यात येतोय, दोन पेट्या ठेवा. उघडून दाखवताना खालचा थर आधी.

देवगडचो
ठेवतंय. पण ता पालखीचा अर्धाच सांगलास. मागीर कधी इली काय दारात?

पाखाडीवरचा
आली. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी. आईने दार उघडलं नाही.

देवगडचो
बरा. दोन पेटये. पैसे आगाऊ.